मेजर-मायनरमधली स्वरांतरं: पेटीवाल्यांना आणि कीबोर्डवाल्यांना पडणारे प्रश्न

मी पेटी आधी शिकलो, कीबोर्ड बऱ्याच वर्षांनी. शिकवतो मात्र दोन्ही, त्यामुळे माझ्याकडे दोन तऱ्हेची मंडळी येतात. काहींना सारेगम झोपेतही येतं, पण 'मेजर थर्ड' म्हटलं की चेहरा कोरा होतो. काही पाश्चात्त्य परीक्षांना बसणारी मुलं असतात. कागदावर त्यांचं काही चुकत नाही, पण गाऊन दाखव म्हटलं की खाली बघत बसतात. खालचे प्रश्न या दोघांकडून आलेले आहेत.

पट्ट्यांची नावं आपल्या सवयीचीच ठेवली आहेत. पांढरी एक म्हणजे सी, पांढरी दोन डी, असं करत पांढरी सात म्हणजे बी. काळी एक म्हणजे सी शार्प, काळी दोन डी शार्प, मग तीनच्या घोळक्यातल्या काळी तीन, चार, पाच म्हणजे एफ शार्प, जी शार्प, ए शार्प. एका पट्टीवरून लगेच शेजारच्या पट्टीवर जाणं, मग ती काळी असो की पांढरी, याला मी 'पायरी' म्हणणार आहे. पुस्तकात त्याला सेमीटोन म्हणतात.

स्वरांतर म्हणजे नेमकं काय?

दोन सुरांमधलं अंतर. इंग्रजीत इंटरव्हल. दोन्ही सूर एकत्र वाजले काय किंवा एकामागून एक वाजले काय, अंतर तेच.

प्रत्येक स्वरांतराच्या नावाचे दोन तुकडे असतात. 'मेजर थर्ड'मधला 'थर्ड' अक्षरं मोजून येतो: सी, डी, ई, म्हणून तिसरा. 'मेजर' हा तुकडा पायऱ्या मोजून येतो: पांढरी एकवरून पांढरी तीनवर जायला चार पायऱ्या चढाव्या लागतात. तीनच असत्या तर तो मायनर थर्ड झाला असता. ही दोन मोजमापं वेगवेगळी आहेत हे एकदा डोक्यात बसलं की निम्मे घोटाळे मिटतात. अक्षरांवरून नाव ठरतं, पायऱ्यांवरून आवाज ठरतो.

सी ते ई मध्ये दोनच घरं पुढे गेलो, मग 'तिसरा' कसा?

कारण निघालो तो सूरही मोजायचा. हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही, मराठीत आपण रोज असंच मोजतो. सोमवारी कुणाला "आठ दिवसांनी ये" म्हटलं तर तो पुढच्या सोमवारी येतो. कॅलेंडरवर दिवस सातच जातात, पण तोंडात आठ. ऑक्टेव्ह म्हणजे अगदी हेच: आठव्या सुराला फिरून तोच वार. आणि "पंधरा दिवसांनी" म्हणजे दोन आठवडे. तसंच दोन ऑक्टेव्ह वरच्या सुराला पाश्चात्त्य लोक फिफ्टींथ म्हणतात, सोळावा नाही. पाच दिवसांचा गणपतीही बसवला तो दिवस धरूनच पाच होतो.

म्हणूनच इथली बेरीज विचित्र दिसते. थर्डवर थर्ड ठेवला की फिफ्थ होतो, सिक्स्थ नाही. मधला सूर दोनदा मोजला गेलेला असतो.

आपण 'सप्तक' म्हणतो आणि ते 'ऑक्टेव्ह' म्हणतात, हा भांडणाचा विषय नाही. आपण वेगळे सूर मोजले, त्यांनी परतीचा साही मोजला.

माझं स्केल काळी चार आहे. ते मेजर की मायनर?

दोन्ही नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि दोष विचारणाऱ्याचा नाही. आपल्याकडे सुगम संगीतात 'स्केल' हा शब्द 'तुमचा सा कुठे' या अर्थाने रुळला आहे. गायिका "माझं काळी चार" म्हणते तेव्हा ती फक्त सा सांगते. पुस्तकातला स्केल म्हणजे त्या सापासून वर चढताना पायऱ्या कशा टाकायच्या याचा नकाशा.

मेजरचा नकाशा असा: दोन, दोन, एक, दोन, दोन, दोन, एक. मायनरचा: दोन, एक, दोन, दोन, एक, दोन, दोन. काळी चारवरून मेजर वाजवायचा तर काळी चार, काळी पाच, पांढरी एक, काळी एक, काळी दोन, पांढरी चार, पांढरी पाच, आणि परत काळी चार. पेटीवर बोटं ठेवून बघा, सारेगमपधनिसा ऐकू येईल.

जाता जाता: कागदावर हा स्केल 'ए फ्लॅट मेजर' म्हणून लिहितात, 'जी शार्प मेजर' म्हणून नाही. (शार्प म्हणजे एक पायरी वर, फ्लॅट म्हणजे एक पायरी खाली.) ए फ्लॅटला चार फ्लॅट लागतात. जी शार्प म्हणायचा हट्ट केला तर प्रत्येक अक्षर एकेकदा वापरायच्या नियमामुळे एफला डबल शार्प लावायची वेळ येते. पट्टी तीच असते, लिहिणं मात्र जिकिरीचं.

मेजर स्केलमध्ये सापासून कोणती स्वरांतरं मिळतात?

सा-रे मेजर सेकंड, दोन पायऱ्या. सा-ग मेजर थर्ड, चार. सा-म परफेक्ट फोर्थ, पाच. सा-प परफेक्ट फिफ्थ, सात. सा-ध मेजर सिक्स्थ, नऊ. सा-नि मेजर सेव्हंथ, अकरा. वरचा सा परफेक्ट ऑक्टेव्ह, बारा. यात एकही मायनर नाही. हे पाठ करा, कारण पुढचं सगळं यावरूनच काढायचं आहे.

मग मायनर स्केलमध्ये सगळी मायनर स्वरांतरं असणार ना?

नाही. ही चूक मी इतक्या वह्यांत लाल शाईने गोल केली आहे की आता हात आपोआप तिथे जातो.

पांढरी एकवरून मायनर वाजवू: पांढरी एक, पांढरी दोन, काळी दोन, पांढरी चार, पांढरी पाच, काळी चार, काळी पाच. मेजरशी ताडून बघा. सा, म, प तर हललेच नाहीत, पण रेसुद्धा हललेला नाही! बदलले फक्त तीन: ग, ध, नि. ते एकेक पायरी खाली आले. म्हणजे सापासून मायनर थर्ड, मायनर सिक्स्थ आणि मायनर सेव्हंथ. सेकंड मात्र मायनर स्केलमध्येही मेजरच.

रेसुद्धा कोमल केला, म्हणजे एक पायरी खाली आणला, तर सापासून मायनर सेकंड मिळतो खरा, पण मग तो मायनर स्केल राहत नाही. तो आपला भैरवी थाट झाला (थाट म्हणजे रागांची वर्गवारी लावायचा सुरांचा संच). पाश्चात्त्यांकडे त्याला फ्रिजियन म्हणतात.

स्केलचं 'मायनर' आणि स्वरांतराचं 'मायनर' हा एकच शब्द दोन कामांना जुंपलेला आहे. स्केलला मायनर हे नाव मुख्यतः त्याच्या तिसऱ्या सुरावरून मिळतं. गंधार, म्हणजे ग, खाली आला की मायनर, एवढं धरून चालायला हरकत नाही.

'परफेक्ट' कशाला म्हणतात? मेजर फिफ्थ का नसतो?

फोर्थ, फिफ्थ आणि ऑक्टेव्ह यांना मेजर-मायनर अशी दोन रूपं नसतात, एकच मूळ रूप धरतात, म्हणून त्यांना ही विशेषणं लागतच नाहीत. ते परफेक्ट. एक पायरी कमी झाली तर डिमिनिश्ड, जास्त झाली तर ऑगमेंटेड. आपल्याकडे सा आणि प अचल म्हणतात, ते याच्याच जवळपासचं. फरक मध्यमाचा: आपला म तीव्र, म्हणजे एक पायरी वर, होऊ शकतो. तो झाला की सापासून ऑगमेंटेड फोर्थ मिळतो, म्हणजे यमनाची ओळख.

म्हणजे कोमल = मायनर, शुद्ध = मेजर, असं लिहून ठेवू का?

लिहून ठेवा, पण खाली एक ओळ जोडा: 'फक्त सापासून मोजताना'. कोमल रे, ग, ध, नि हे सापासून अनुक्रमे मायनर सेकंड, थर्ड, सिक्स्थ, सेव्हंथ होतात, इथवर बरोबर आहे. पण आपली नावं कायम साशी बांधलेली असतात; स्वरांतर कुठल्याही दोन सुरांमध्ये मोजता येतं. शुद्ध रे आणि शुद्ध म, दोघेही शुद्ध. त्यांच्यातलं अंतर मात्र तीन पायऱ्या, म्हणजे मायनर थर्ड. सगळं शुद्ध असूनही मायनर! इथे 'कोमल = मायनर' म्हणणारा अडकतो.

गोव्यात अजून एक वळण आहे. पोर्तुगीज वळणाच्या सोल्फात, म्हणजे दो-रे-मी म्हणण्याच्या पद्धतीत, 'दो' हे सीचं पक्कं नाव आहे, ते सरकत नाही. आपला सा सरकतो. त्या पद्धतीत तयार झालेला व्हायोलिनवादक आणि आपला पेटीवाला एकत्र बसले की "रे दे" म्हटल्यावर दोघं दोन वेगळे सूर देऊ शकतात. अशा वेळी सरळ पट्टीचं नाव घ्यावं.

आसावरी थाट म्हणजेच मायनर स्केल का?

सुरांचा संच म्हणून, हो. भातखंड्यांच्या (१८६०–१९३६) दहा थाटांत बिलावल म्हणजे मेजरचे सूर आणि आसावरी म्हणजे नॅचरल मायनरचे, म्हणजे वर सांगितलेल्या साध्या मायनरचे. पण थाट ही गाण्याची गोष्ट नाही, रागांची वर्गवारी लावायची फळी आहे. दरबारी आणि जौनपुरी दोन्ही आसावरी थाटात ठेवतात. दोन्ही ऐकलेल्या माणसाला "दोन्ही ए मायनरच की" असं सांगून बघा, तो चहा अर्धा टाकून उठून जाईल. आंदोलित गंधार, वक्र चाल, कुठे थांबायचं, यातलं काहीही 'मायनर स्केल' या शब्दांत मावत नाही.

मायनर स्केल तीन प्रकारचा कशासाठी?

कारण नॅचरल मायनरमध्ये नि कोमल असतो आणि तो साला ओढ लावत नाही. शुद्ध नि साच्या एक पायरी खाली असतो, दारात उभा असल्यासारखा. आत शिरल्याशिवाय त्याला चैन नसते. कोमल नि दोन पायऱ्यांवर असतो, त्याला घाई नाही. पाश्चात्त्य संगीतात कॉर्ड (तीन किंवा जास्त सूर एकत्र वाजवणं) आले, पाचव्या सुरावरच्या कॉर्डवरून पहिल्यावर परतणं हा मुक्कामाचा ठरलेला रस्ता झाला, आणि तिथे ती दारातली ओढ हवीशी झाली. म्हणून ए मायनरमध्ये जीचा जी शार्प केला. हा हार्मोनिक मायनर. आपल्याकडे हेच सूर किरवाणीचे.

पण एक दुरुस्ती केली की दुसरीकडे फट पडते. आता एफ आणि जी शार्प यांच्यामध्ये तीन पायऱ्यांची दरी तयार झाली. तिचं नाव ऑगमेंटेड सेकंड. युरोपातल्या समूहगायकांना ही उडी अवघड जायची, म्हणून चढताना एफलाही शार्प केलं. उतरताना ओढ खालच्या दिशेला असते, तेव्हा दोन्ही शार्प काढून टाकले. हा मेलोडिक मायनर. त्याच्या चढत्या रूपातले सूर म्हणजे फक्त ग कोमल, बाकी सगळे शुद्ध. हे पटदीपचे सूर आहेत, आणि नाट्यसंगीत ऐकत वाढलेल्या माणसाला पटदीप वेगळा शिकवावा लागत नाही.

त्या तीन पायऱ्यांच्या दरीचं आपल्याला मात्र भय नाही. भैरवात कोमल रेवरून शुद्ध ग, आणि कोमल धवरून शुद्ध नि, अशा दोन दऱ्या आहेत. सकाळी सकाळी आपण त्या आरामात ओलांडतो.

एफ ते जी शार्प तीनच पायऱ्या आहेत. मग त्याला मायनर थर्ड का म्हणत नाही?

कारण एफ, जी: अक्षरं दोनच. म्हणून सेकंड. मेजर सेकंड दोन पायऱ्यांचा, हा एकाने जास्त, म्हणून ऑगमेंटेड. त्याच दोन पट्ट्या 'एफ ते ए फ्लॅट' अशा लिहिल्या तर अक्षरं तीन होतात आणि मायनर थर्ड हे नाव येतं.

एका परीक्षेत मी स्वतः इथे आपटलो आहे. पेपरात हेच दोन सूर होते. मी मनातल्या मनात पेटी वाजवली, पांढरी चार, काळी चार, कानाने 'कोमल गंधार' म्हणून कौल दिला आणि मोठ्या दिमाखात 'मायनर थर्ड' लिहून मोकळा झालो. कागदावर एफच्या शेजारी जी बसलेला डोळ्यांना दिसत होता, पण मी बघितलंच नाही. गुण गेले. तक्रार करायलाही जागा नव्हती, कारण कान बरोबर होता आणि उत्तर चूक.

"आवाज एकच, मग नावांची चैन कशाला?" असं मुलं विचारतात. नाव पुढची दिशा सांगतं. जी शार्प लिहिलेला सूर वर 'ए'कडे जायला निघालेला असतो, ए फ्लॅट लिहिलेला बहुधा खाली जीकडे. 'दिन' आणि 'दीन' कानाला जवळजवळ सारखेच, पण वाचणाऱ्याला लिहिलेलं बघूनच वाक्य कळतं, तसं.

सा सोडून बाकीच्या सुरांमधली अंतरं कशी ओळखायची?

खालच्या सुराला घटकाभर सा माना. त्या सावरून मेजर स्केल चालू केला तर वरचा सूर त्यात येतो का, एवढं बघा. आला तर मेजर किंवा परफेक्ट. त्याहून एक पायरी खाली असेल तर मेजरचा मायनर होतो, परफेक्टचा डिमिनिश्ड. डी ते बी फ्लॅट घ्या. अक्षरं सहा, म्हणजे सिक्स्थ. डी मेजरमध्ये बी येतो, हा त्याहून एक पायरी खाली, मायनर सिक्स्थ. पायऱ्या आठ भरतात का ते मोजून खात्री करा.

पांढऱ्या पट्ट्यांवरच राहिलात तर एक सोपी खूण आहे. काळी पट्टी नसलेल्या जागा दोनच: तीन-चारच्या मध्ये आणि सात-एकच्या मध्ये. थर्डमध्ये यातली एखादी जागा आली की तो मायनर, नाही आली की मेजर. या हिशेबाने सी, एफ आणि जीवरचे थर्ड मेजर निघतात, आणि डी, ई, ए, बीवरचे मायनर. सी मेजरमधले मुख्य तीन कॉर्ड सी, एफ, जी हे तिन्ही मेजर का, याचं उत्तर इथे लपलेलं आहे. मेजर कॉर्ड म्हणजे खाली चार पायऱ्या, वर तीन. मायनर कॉर्ड म्हणजे खाली तीन, वर चार. बेरीज दोन्हीकडे सात, म्हणजे परफेक्ट फिफ्थ. बाहेरची भिंत तीच, मधला खांब तेवढा सरकतो.

एफ आणि बी एकत्र वाजवल्यावर इतकं कडू का लागतं?

त्या सात पांढऱ्या पट्ट्यांत बाकी सगळे फोर्थ परफेक्ट आहेत, हा एकटा ऑगमेंटेड. पायऱ्या सहा, सप्तकाचा बरोबर मध्य. उलटा करून बीवरून वरच्या एफवर गेलात तर डिमिनिश्ड फिफ्थ, तोही सहाच पायऱ्यांचा. दोन्हींना मिळून ट्रायटोन म्हणतात.

'मध्ययुगात चर्चने या सुरांवर बंदी घातली होती' ही गोष्ट व्हिडिओंमध्ये फार फिरते. टाळायचे, हे खरं. बंदीची गोष्ट मात्र दंतकथा आहे. 'संगीतातला सैतान' हा शब्दप्रयोगही ग्रंथांत दिसू लागतो तो अठराव्या शतकाच्या सुरुवातीला.

कडूपणाचा उपयोग बघा. पेटीवर बी आणि वरचा एफ एकत्र धरा. दोन क्षण थांबा. मग बीचं बोट वर सीवर आणि एफचं बोट खाली ईवर सरकवा. दोन्ही बोटं एकेक पायरीच हलली, आणि कान 'आलो घरी' म्हणाला. ट्रायटोन आकसून मेजर थर्ड झाला. शेकडो वर्षांचं पाश्चात्त्य संगीत या एका हालचालीवर वाक्यं संपवत आलं आहे. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदातही ही चाल सर्रास ऐकू येते. सेबॅस्टियन डिसोझांसारखे गोव्याकडचे अरेंजर हार्मनीच्या या विद्येत मुरलेले होते.

स्वरांतर उलटवणं म्हणजे काय?

खालचा सूर उचलून एक सप्तक वर ठेवायचा. आकड्यांची बेरीज नऊ होते: थर्डचा सिक्स्थ, सेकंडचा सेव्हंथ. पायऱ्यांची बेरीज बारा. मेजरचा मायनर होतो, मायनरचा मेजर. परफेक्ट परफेक्टच राहतो.

यातून एक गंमत निघते. मेजर स्केलमध्ये सापासून वर मोजलं तर सगळं मेजर आणि परफेक्ट. त्याच सापासून खाली मोजत गेलात तर मंद्र (खालच्या सप्तकातला) नि मायनर सेकंडवर, ध मायनर थर्डवर, ग मायनर सिक्स्थवर, रे मायनर सेव्हंथवर. सगळे सूर बिलावलचेच असून खाली बघितलं की सगळं मायनर आणि परफेक्ट.

सी मेजर आणि ए मायनर एकाच पट्ट्यांवर वाजतात. मग फरक काय?

घर कुठलं, एवढाच. पेटीवर पांढरी एकचा सूर धरून पांढऱ्या पट्ट्यांवर फिरा, मग पांढरी सहाचा सूर धरून त्याच पट्ट्यांवर फिरा. आपल्याकडे याला मूर्च्छना म्हणतात. अशा जोडीला पाश्चात्त्य भाषेत रिलेटिव्ह मेजर-मायनर म्हणतात. मायनरचं घर मेजरच्या घराखाली तीन पायऱ्यांवर असतं. सी मेजर आणि सी मायनर ही जोडी वेगळी, ती पॅरलल. घर तेच, सामान बदललं.

मायनर म्हणजे दुःखी, हे बरोबर ना?

पाश्चात्त्य कानांना तशी सवय लागली आहे, आणि सिनेमाच्या पार्श्वसंगीताने ती आपल्यालाही लावली. पण काफीत गंधार कोमल असतो आणि त्यात होरी गातात. रंग उडवायला जाणारा माणूस दुःखी असतो का? लय, उच्चार, शब्द, सूर किती वेळ धरला, या सगळ्यांचा हात असतो. एकट्या तीन पायऱ्यांवर सगळं ओझं टाकू नये.

तानपुऱ्यातला गंधार आणि कीबोर्डवरचा गंधार वेगळा का लागतो?

वेगळा असतोच. कीबोर्डवर सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात, प्रत्येक पायरीला कंपनसंख्या सुमारे १.०५९५ पट. हे सोयीचं आहे, कुठल्याही पट्टीवरून सुरुवात केली तरी अंतरं तीच राहतात. पण निसर्गात मेजर थर्ड ५:४ या गुणोत्तरात बसतो आणि फिफ्थ ३:२ मध्ये.

पांढरी सहाला सा धरू, ४४० कंपनांवर. ३:२ चा प ६६० वर येतो. कीबोर्ड देतो सुमारे ६५९.३. हा फरक सहसा कुणाला कळत नाही. ५:४ चा ग ५५० वर यायला हवा. कीबोर्डचा मात्र ५५४.४ वर. दोन्ही एकत्र वाजले तर सेकंदाला चारेक हेलकावे ऐकू येतात. चांगला जुळलेला तानपुरा घेऊन बसा, फक्त खर्जाची तार छेडा आणि नाद विरत जाताना कान द्या: कुणी न वाजवलेला ग त्यातून डोकावतो. हाच स्वयंभू गंधार. तो कानात असताना कीबोर्डचा ग दाबलात तर तो किंचित चढा, जरा रागावल्यासारखा वाटेल. कोमल गंधाराचं उलटं, कीबोर्डवर तो ६:५ पेक्षा उतरलेला असतो.

पेटीवर गायकांचा जुना राग आहे तो यामुळे. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीला बंदी केली, ती सैल व्हायला तीसेक वर्षं लागली. सूर आधीच पक्के बांधलेले असणं आणि मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) काढता न येणं हेच आक्षेप होते. मी पेटीवालाच आहे, तरी आक्षेप खोटा होता असं मला म्हणता येत नाही.

कीबोर्डला सा सरकवणारं ट्रान्सपोज बटण आहे, पेटीत त्यासाठीच स्केल चेंजर आहे. मग हे शिकायचं कशाला?

एका लग्नात मी गायिकेसाठी ट्रान्सपोज करून पांढरी एकवरून वाजवत होतो. गाणं झालं, पुढचा गायक आला, "पांढरी दोन" म्हणाला, मी बटण मागे घ्यायचं विसरलो. त्याने सा लावला तो एका गावात, माझा कॉर्ड दुसऱ्या गावात. स्वरांतरं बोटांत असती तर मला त्या बटणाची गरजच पडली नसती. तेव्हा नव्हती. त्यानंतर सहा महिने मी ते बटण चिकटपट्टीने झाकून ठेवलं होतं.

कानाने ओळखायला सुरुवात कुठून करू?

ओळखीच्या सुरावटींपासून. राष्ट्रगीताची सुरुवात सारेग अशी आहे: दोन मेजर सेकंड लागोपाठ. वाढदिवसाच्या त्या इंग्रजी गाण्याच्या तिसऱ्या ओळीतली मोठी उडी म्हणजे ऑक्टेव्ह. आमच्या जुन्या दाराच्या बेलचं 'टिंग-टाँग' म्हणजे उतरता मेजर थर्ड, ग-सा. मालकंसाचा सा-म म्हणजे परफेक्ट फोर्थ. तानपुराच मध्यमात लावलेला असतो, त्यामुळे तो चुकणं अवघड. भैरवचा सा आणि आंदोलित रे म्हणजे मायनर सेकंड.

रोज दहा मिनिटं पुरतात, पण आधी गायचं आणि मग पट्टी दाबून बघायचं. उलट केलंत तर पट्टी तुमच्यासाठी गाते. माझ्याकडे येणाऱ्या एक काकू भाकरी थापताना सा-ग, सा-कोमल ग आलटून पालटून म्हणतात. दोन महिन्यांत वर्गातल्या कीबोर्डवाल्या पोरांपेक्षा त्यांचा कान पुढे गेला.

स्वतःला तपासायला काही उदाहरणं द्या.

ही घ्या, पट्टी न बघता. पहिलं, डी ते एफ शार्प. दुसरं, बी फ्लॅट ते वरचा जी. तिसरं, सीवरून खाली ए. चौथं, जी शार्प ते वरचा सी.

उत्तरं: मेजर थर्ड, चार पायऱ्या. मेजर सिक्स्थ, नऊ पायऱ्या. मायनर थर्ड, कारण खाली जाताना सी, बी, ए अशी अक्षरं तीन आणि पायऱ्याही तीन. चौथ्याला बहुतेक जण 'मेजर थर्ड' लिहितात, कारण पायऱ्या चार आणि कानाला अगदी शुद्ध गंधार. जी, ए, बी, सी: अक्षरं चार आहेत, म्हणून फोर्थ, परफेक्टला पाच पायऱ्या लागतात, इथे चारच, म्हणून डिमिनिश्ड फोर्थ. हा ए हार्मोनिक मायनरमध्ये सापडतो. मनातल्या मनात पेटी वाजवून उत्तर दिलं असेल तर आपण दोघं एकाच बाकावरचे.